न वाचलेल्या पुस्तकावरील मत

(वालूर, ता. सेलू, जि. परभणी येथे वर्षावासातील वाचनसभेत केलेले भाषण)



वर्षावासाच्या या महिन्यांत आपण रोज सायंकाळी येथे जमतो आणि ग्रंथवाचन करतो. आजच्या दिवशी मला कादंबरीविषयी बोलावयास सांगण्यात आले, हे ऐकून काही वडीलधाऱ्या मंडळींच्या चेहऱ्यावर नाराजी उमटलेली मी पाहिली. कादंबरी हा रिकामटेकड्यांचा उद्योग, अशी त्यांची समजूत आहे. ती अगदीच खोटी आहे असे मी म्हणणार नाही. वेळ मारून नेण्यासाठीच लिहिलेल्या आणि तशाच वाचल्या जाणाऱ्या कादंबऱ्यांचा आपल्या भाषेत तोटा नाही. परंतु आज मी ज्या लेखकाविषयी बोलणार आहे तो तुमच्या शेजारचा आहे, आणि त्याच्याविषयी बोलताना मला माझी एक चूकही आपणांपुढे कबूल करावयाची आहे. तेव्हा थोडा धीर धरावा.

आज ७ सप्टेंबर. १९५३ साली याच तारखेला परभणी येथे बी. रघुनाथ या लेखकाचे निधन झाले. संपूर्ण नाव भगवान रघुनाथ कुलकर्णी. जन्म १५ ऑगस्ट १९१३ चा, आणि जन्मगाव सातोना. म्हणजे सेलूहून आगगाडीने परतूरकडे निघाले की वाटेत लागते ते सातोना. शिक्षण हैदराबादेत मॅट्रिकपर्यंत झाले. पुढे निजाम सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरी लागली आणि ती मरेपर्यंत सुटली नाही. कचेरीत काम करता करताच त्यांचा अंत झाला. वय अवघे चाळीस. या चाळीस वर्षांत, दिवसभर कागद खरडून उरलेल्या वेळात, या मनुष्याने कविता लिहिल्या, कथा लिहिल्या आणि कादंबऱ्याही लिहिल्या. 'म्हणे लढाई संपली' १९४६ साली निघाली, 'जगाला कळले पाहिजे' १९४९ साली, आणि 'आडगावचे चौधरी' त्यांच्या मृत्यूनंतर, १९५४ साली. ज्या काळात ते जगत होते त्याच काळाविषयी त्यांनी लिहिले. निजामी अमलातील मराठवाडा, त्यातील कचेऱ्या, वाडे, मोडकळीस आलेली घराणी आणि पोटासाठी मान वाकविणारी साधी माणसे हा त्यांचा विषय. जुन्या राजांच्या कथा रचून वाचकांचे रंजन करण्याची वाट त्यांना मोकळी होती. तिकडे ते फारसे वळले नाहीत.

एवढा लेखक, पण परभणी जिल्ह्याबाहेर त्यांची कादंबरी वाचलेला मनुष्य शोधावा लागतो. कवी म्हणून त्यांचे नाव लोक घेतात. त्यांच्या नावाने परभणीत आणि छत्रपती संभाजीनगरात दरवर्षी कार्यक्रम होतात, पुरस्कार दिला जातो. कादंबऱ्या मात्र कपाटात राहिल्या. याची कारणे उघड आहेत. पुण्या-मुंबईत पुस्तके छापली जात, तेथेच त्यांची परीक्षणे होत, आणि तेथील मंडळींच्या दृष्टीने मराठवाडा हा निजामाचा मुलूख, परका प्रांत. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली आणि निजामी संपली. मराठवाडा मुंबई राज्यात आला तो १ नोव्हेंबर १९५६ ला. तोवर लेखकाला जाऊन तीन वर्षे लोटली होती. जो जिवंत नाही, ज्याच्या मागे बोलणारे वर्तुळ नाही, त्याची कादंबरी कोण मागणार?

तुमच्या या वालुरात जुन्या बारवा आहेत. त्यातील चक्राकार पायऱ्यांची बारव पाहावयास आता दुरून माणसे येतात. काही वर्षांपूर्वी येथील गावकऱ्यांनी श्रमदान करून तिच्यातला गाळ आणि झाडोरा काढला, तेव्हा कोठे तिच्या पायऱ्या लोकांना दिसल्या. बारव काही नव्याने बांधली गेली नाही. ती होतीच. पुस्तकांवरही असाच गाळ चढतो, आणि तो काढण्याचे काम पंडितांनीच करावे असा काही नियम नाही.

आता माझी चूक सांगतो.

काही वर्षांपूर्वी याच तालुक्यातील एका गावी विहारासाठी पुस्तकांचे कपाट करावयाचे ठरले. वर्गणी जमली होती. कोणती पुस्तके घ्यावीत यावर सभा भरली, आणि निवृत्त शिक्षक म्हणून मला बोलावणे आले. याद्या वाचल्या गेल्या. एका तरुणाने उभे राहून विचारले, "आपल्याच भागातले लेखक आहेत, बी. रघुनाथांच्या कादंबऱ्या घ्याव्यात काय?" मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले. म्हणालो, "कुलकर्ण्याच्या घरात जन्मलेला, निजामाच्या कचेरीत कारकुनी केलेला मनुष्य. त्याच्या कादंबरीत आपले काय असणार? हे पैसे दुसऱ्या पुस्तकांना लावावेत." टाळ्या पडल्या. मला त्या आवडल्या, हेही सांगून टाकतो.

टाळ्या थांबल्यावर मागच्या रांगेतून एक आजी बोलल्या. सत्तरी ओलांडलेल्या, अक्षरओळख नसलेल्या. त्यांनी एवढेच विचारले, "गुर्जी, तुमी वाचलं का ते बुक?"

मी म्हणालो, "नाही."

"मंग टाळ्या कशाच्या वाजल्या?"

सभेत हशा झाला. मी उत्तर दिले नाही, कारण उत्तर नव्हते. सभा संपल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. तेव्हा कळले की त्यांची नात परभणीला शिकते, तिने वाचनालयातून 'आडगावचे चौधरी' आणले होते आणि रात्री दिव्याखाली बसून आजीला मोठ्याने वाचून दाखविले होते. आजी म्हणाल्या, "माह्या नातीनं वाचून दावलं. ते जुनं बोलणं मला समदं कळलं; तिलाच कळत नव्हतं. मी तिला सांगायची, अव्वल तालुकदार म्हंजी आताचा कलेक्टर. पर एक हाय. मी तिला घडोघडी इचारायची, पोरी, यात आपला माणूस कुठं हाय? पाणी कोन भरतंय, गुरं कोन वढतंय, ते बघ."

वाचकहो, या वाक्यात मला एका संपूर्ण समीक्षकाची भेट झाली. या बाईंनी लेखकाची जात पाहून पुस्तक फेकले नाही, आणि लेखक आपल्या जिल्ह्याचा म्हणून त्याला डोक्यावरही घेतले नाही. त्यांनी पुस्तक शेवटपर्यंत ऐकले. जे आपले वाटले ते आपले म्हणून सांगितले. जेथे प्रश्न उरला तेथे तो प्रश्न धरून ठेवला. मी शिकलेला, मी मात्र मुखपृष्ठावरच्या नावावरून निकाल दिला.

आता त्या तरुणांच्या बाजूनेही बोलले पाहिजे, कारण माझे म्हणणे टाळ्या देणाऱ्यांना पटले ते उगीच नव्हे. कुलकर्णी हे नुसते आडनाव नव्हते, ते गावचे वतन होते. जमिनीचे दप्तर त्याच्या हातात. आपल्या पूर्वजांच्या नावापुढे काय लिहावे आणि काय लिहू नये हे ज्या लेखणीने ठरविले, तिच्याविषयी आपल्या मनात संशय असणे स्वाभाविक आहे. मनुष्य ज्या घरात वाढतो त्या घराच्या दारातूनच त्याला गाव दिसते. वाड्याच्या दारातून दिसणारे गाव आणि वेशीबाहेरून दिसणारे गाव यांत अंतर असतेच, आणि मोठ्यात मोठ्या लेखकालाही ते सहजासहजी ओलांडता येत नाही. म्हणून लेखक कोण, कोठून पाहतो, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. माझा आक्षेप एवढाच की हा प्रश्न पुस्तक वाचताना विचारावयाचा असतो. मी तो पुस्तक न वाचण्यासाठी वापरला.

मराठी वाचकांची एक जुनी गोष्ट यासाठी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. १९३३ साली 'कळ्यांचे निःश्वास' हे कथांचे पुस्तक निघाले. लेखिकेचे नाव होते विभावरी शिरूरकर. शिकलेल्या, अविवाहित, मिळवत्या मुलींच्या मनातले दुःख त्यात मांडलेले होते. पांढरपेशा वर्गात केवढा गदारोळ उठला! आणि त्या गदारोळात अनेकांना सर्वांत मोठा प्रश्न कोणता पडला, तर ही विभावरी कोण? बाई की बुवा? कोणत्या घरची? पुस्तकात सांगितलेले दुःख खरे की खोटे, याची चौकशी मागे पडली आणि नावाची चौकशी पुढे गेली. पुष्कळ वर्षांनी त्या मालतीबाई बेडेकर असल्याचे उघड झाले. याच मालतीबाईंनी पुढे १९५० मध्ये 'बळी' ही कादंबरी लिहिली. सोलापूरच्या ज्या वसाहतीत ब्रिटिश सरकारने 'गुन्हेगार' ठरविलेल्या जमातींना तारेच्या कुंपणात कोंडले होते, तेथे त्यांनी स्वतः नोकरी केली होती. कुंपणाआडच्या माणसांचे जिणे त्यांनी जवळून पाहिले आणि लिहिले. त्यांच्या जन्माकडे पाहून आपण 'बळी' बाजूला ठेवली असती, तर नुकसान कोणाचे झाले असते?

आणि आपली माणसे लिहू लागली तेव्हा काय झाले? १९६३ साली बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा कथासंग्रह आला. कित्येक वाचकांना तो सोसवला नाही. असे कोठे असते काय, इतके भडक कशाला लिहावे, असे बोलणारे निघाले. त्यांतील कितीजण कधी एखाद्या झोपडपट्टीत पाऊल टाकून आले होते? न पाहता दिलेले ते मत आपल्याला झोंबले, आणि ते झोंबणे योग्यच होते. मग न वाचता दिलेले आपले मत दुसऱ्यास झोंबले, तर आपण कोणत्या तोंडाने तक्रार करणार?

उलट बाजूही आहे, आणि ती सांगितल्याने येथे कोणी रागावणार असेल तर रागवावे. आपल्या लेखकांची पुस्तके आपण किती वाचतो? अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' १९५९ साली प्रसिद्ध झाली. ती त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. अण्णा भाऊंचे छायाचित्र आज घराघरांत आहे, जयंतीला मिरवणूक निघते. मिरवणुकीतल्या दहा तरुणांना थांबवून फकिराच्या आईचे नाव विचारा. मी विचारून पाहिले आहे. फार थोड्यांना सांगता आले. पुस्तकाला न वाचता नाकारणे आणि न वाचता हार घालणे या दोन्ही गोष्टींत पुस्तक उघडले जात नाही. शंकरराव खरातांनी वकिली सांभाळून आयुष्यभर लिहिले, १९८४ साली जळगावच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. त्यांच्या कथा-कादंबऱ्या मागणारा वाचक आज एखाद्या वाचनालयात क्वचितच दिसतो. तेव्हा बी. रघुनाथांच्या वाट्याला आलेली उपेक्षा ही केवळ त्यांचीच आहे असे समजू नये.

बाबासाहेबांनी २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला मनुस्मृती जाळली, हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. तो ग्रंथ त्यांनी किती बारकाईने वाचला होता हे त्यांच्या पुढील लिखाणावरून कळते. श्लोक क्रमांकासह मांडून ते वाद करतात. जो ग्रंथ त्यांना जाळावासा वाटला तोही त्यांनी अभ्यासाविना सोडला नाही. आणि दहनाचा तो ठराव परिषदेत मांडला कोणी? गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जे जन्माने ब्राह्मण होते. त्या सभेत मी असतो आणि माझा तो नियम लावला असता, तर सहस्रबुद्ध्यांना बोलूही दिले नसते.

आता बी. रघुनाथांविषयी माझे स्वतःचे मत. त्या सभेनंतर मी त्यांच्या कादंबऱ्या मिळवून वाचल्या, उशिरा वाचल्या. मला जे प्रथम जाणवले ते त्यांच्या मराठीविषयी. पुण्याच्या पुस्तकांतली मराठी आपल्या कानाला थोडी परकी लागते. यांच्या मराठीला मराठवाड्याच्या मातीचा वास आहे आणि उर्दूची सोबत आहे. कारण त्या काळी सरकारदरबारची भाषाच उर्दू होती आणि कचेरीतला कारकून दिवसभर तिच्यातच वावरत असे. आपल्या आजोबांचे बोलणे असेच होते. त्या भाषेची आपल्याला लाज वाटू लागली, ही शाळांची करणी. दुसरे, त्यांना सत्तेची भीती माहीत होती. ज्याला वरच्या साहेबाची भीती ठाऊक आहे तो लेखक, जन्म कोठलाही असो, दबलेल्या माणसाच्या मनाच्या थोडा जवळ येतो. थोडा, एवढेच म्हणतो. कारकुनाची भीती आणि वेशीबाहेरच्या माणसाची भीती एक नव्हे. कारकून संध्याकाळी आपल्या घरी जातो आणि तेथे त्याचा मान असतो.

आजींचा प्रश्न मी विसरलेलो नाही. आपला माणूस कोठे आहे, याचे मला समाधान होईल असे उत्तर या कादंबऱ्यांतून मिळाले नाही. हे मी दोष म्हणून सांगतो, परंतु यामुळे पुस्तक टाकून द्यावे असे म्हणत नाही. याला एक कारण आहे. हा लेखक १९५३ साली गेला. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. आपल्या घरांतून वाचणारी पिढी तेव्हा नुकती कोठे उभी राहत होती. औरंगाबादेत बाबासाहेबांचे महाविद्यालय निघाले तेच १९५० मध्ये. आपले पुस्तक एक दिवस वालूरच्या विहारात, पंचशील म्हणून झाल्यावर, आपल्यासारख्या माणसांपुढे वाचले जाईल आणि ती माणसे त्यावर मत देतील, अशी कल्पना परभणीच्या त्या कचेरीत बसून त्यांना करता आली असेल असे मला वाटत नाही. ज्या वाचकाची लेखकाने अपेक्षाच केली नव्हती तो वाचक तुम्ही आहात. म्हणून तुम्हाला जे दिसेल ते शहरातल्या परीक्षकाला दिसलेले नसेल. पाणी कोण भरतो, कोणाला नावाने हाक मारली आहे आणि कोणाला नुसत्या जातीने, कोणाला बोलावयास दोन वाक्ये दिली आहेत आणि कोण मुकाट्याने पानावरून निघून जातो, हे तुम्ही शोधाल.

हे काम नवे नाही. गंगाधर पानतावणे यांनी 'अस्मितादर्श' चालविताना लेखक आणि वाचक यांचे मेळावे भरविले. त्यांत लेखकांना वाचकांसमोर बसावे लागे. मराठवाड्यातल्या कित्येक तरुणांनी तेथे पहिल्यांदा उभे राहून एखाद्या पुस्तकाविषयी आपले मत सांगितले. मत सांगण्यास पदवी लागत नाही, परंतु पुस्तक लागते. कालामांना भगवंतांनी जे सांगितले ते येथे सर्वांना माहीत आहे. ऐकीव गोष्टीवर विसंबू नका. माझे त्या सभेतील भाषण ही ऐकीव गोष्टच होती, आणि तीही मी स्वतःच स्वतःकडून ऐकलेली.

ज्या घरांनी अलीकडेच दीक्षा घेतली आहे त्यांना एक शब्द निराळा सांगतो. नव्या घरात मनुष्य जरा कडक असतो. जुने सारे बाहेर टाकावे, देव्हाऱ्याबरोबर पुस्तकेही बाहेर टाकावीत, असे वाटते. देव्हारा काढलात, योग्य केलेत. परंतु कथा-कादंबऱ्यांची पुस्तके पूजेला ठेवलेली नसतात. ती वाचावयाची असतात, आणि वाचून त्यांच्याशी भांडताही येते. मुलीने एखादी कादंबरी घरी आणली तर तिच्यावर कोणाचे नाव आहे एवढ्यावरून ती हिसकावून घेऊ नका. तिला म्हणावे, "वाच, आणि आम्हालाही वाचून दाखव." आपल्यातील किती आयांना अजून अक्षरओळख नाही! त्यांच्यासाठी मोठ्याने वाचणारी मुलगी हेच वाचनालय आहे.

त्या गावच्या कपाटात पुढे कोणती पुस्तके आली ते मी विचारले नाही. विचारावयाचे धाडस झाले नाही. परंतु आजींच्या नातीने आज येथे येण्याचे कबूल केले होते आणि ती आली आहे. आजी मात्र आता नाहीत. 'आडगावचे चौधरी'ची प्रत तिने आणली आहे. बांधणी जुनी आहे, पाने जपून उलटावीत. एक कोरी वहीही मी आणली आहे. तिच्यात ज्याला जे वाटेल ते लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शेजारच्याकडून लिहवून घ्यावे, आणि लिहिणाऱ्याने त्यांचे शब्द सुधारू नयेत. जे आवडणार नाही तेही लिहावे, आणि लेखक मोठा म्हणून शब्द मऊ करू नयेत. आज पहिले प्रकरण होईल. वही मागच्या रांगेपासून फिरवावी.